ठासणीच्या बंदुकीची उसनी ठिणगी

३० मे १८४१. चीनमध्ये कँटन शहराच्या उत्तरेला सान्युआनली गावाजवळच्या भातखाचरांत धुवाधार पाऊस कोसळत होता. इंग्रजांच्या फौजेतली ३७व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक कंपनी त्या गोंधळात मुख्य सैन्यापासून तुटली आणि भाले घेतलेल्या गावकऱ्यांच्या गराड्यात सापडली. शिपायांकडे बंदुका होत्या, दारू होती, गोळ्या होत्या. पण बंदुका चकमकीच्या, म्हणजे गार पोलादावर घासून ठिणगी पाडणाऱ्या. दारू भिजली आणि चाप ओढला तरी बार उडेना. संगिनींच्या बळावर ते कसेबसे तग धरून राहिले. त्यांना शोधायला रॉयल मरीन्सच्या दोन कंपन्या पाठवल्या गेल्या. त्यांच्याकडच्या बंदुका नव्या, टोपीच्या, म्हणजे तांब्याच्या टोपीतल्या स्फोटकावर ठोका मारून पेटणाऱ्या होत्या आणि त्या पावसातही उडत होत्या.

दोन्ही बंदुका ठासणीच्याच. दोन्हींत नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर गोळी सारायची आणि गजाने ठासायची. दारू तीच: सोरा, कोळसा, गंधक. फरक होता तो एवढाच, की नळीच्या बुडाशी कोंडलेल्या त्या दारूपर्यंत आग पोचवायची कशी.

आजच्या काडतुसात हा प्रश्नच उरलेला नाही, कारण ठिणगी काडतुसाच्या बुडातच बसवलेली असते. ठासणीच्या बंदुकीत मात्र ती बाहेरून उसनी आणावी लागते. नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक भोक, म्हणजे कान, ठेवायचा आणि त्यातून आग आत घुसवायची. ही आग देण्याच्या जितक्या तऱ्हा माणसाने करून पाहिल्या, तितक्या बंदुकीच्या दुसऱ्या कुठल्याच भागाच्या केल्या नसतील. त्यांचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला वारंवार दिसते: ठिणगी जितकी भरवशाची होत गेली, तितकी ती बंदूकवाल्याच्या हातातून निसटून कारखान्याच्या हातात गेली.

सर्वांत जुनी तऱ्हा तोड्याची. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी धुमसत ठेवायची आणि चाप ओढला की तिचं जळतं टोक कानापाशी ठेवलेल्या रंजकीवर, म्हणजे बारीक दारूवर, टेकायचं. दोरी आणि सोरा गावात मिळत होता, त्यामुळे अडायचं काही नाही. पण रात्री निखारा दुरून दिसतो, वास येतो आणि पाऊस आला की कारभार आटोपला. चकमकीच्या बंदुकीने धुमसती दोरी घालवली. घोड्याच्या, म्हणजे चाप ओढला की सुटणाऱ्या हातोडीच्या, जबड्यात धरलेला गारेचा तुकडा कडक पोलादी पट्टीवर घासत खाली येतो आणि ठिणग्या रंजकीच्या वाटीत पडतात. ही ठिणगी गारेची नसते. गारेच्या धारेने पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जातात, घर्षणाने तापतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून जळतात. जळतं ते लोखंड, गार केवळ रंधा मारते. म्हणून पट्टीचं पोलाद नरम असेल तर गार कितीही चांगली असो, ठिणगी मरतुकडी पडते.

मग वाटीतली रंजक पेटते, तिची ज्वाळा कानातून आत जाते आणि मुख्य दारू पेटते. यातली एखादी पायरी चुकली की रंजक भक्कन पेटते आणि बार मात्र फुसका. सगळं नीट झालं तरी चाप ओढण्यापासून बार होईपर्यंत शतांश सेकंदांत मोजावा असा पण नेमबाजाला जाणवणारा अवकाश जातो, आणि त्या अवकाशात त्याच्या डोळ्यासमोर आगीचा लोळ उठलेला असतो.

हा लोळ पक्ष्यांनाही दिसतो, हे ज्याच्या मनाला लागलं तो माणूस पाद्री होता. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनशायरच्या बेलहेल्वी गावचा अलेक्झांडर जॉन फोर्साइथ. त्याला रविवारचं प्रवचन आणि एरवी बदकांची शिकार यांच्या जोडीला रसायनशास्त्राचाही नाद होता. बंदुकीची वाटी भडकली की बदकं बुडी मारत आणि छर्रे रिकाम्या पाण्यावर पडत. त्याने रंजकीच्या जागी ठोक्याने पेटणारी संयुगं वापरायचं ठरवलं. १८०६ मध्ये तो टॉवर ऑफ लंडनमध्ये सरकारी आश्रयाखाली प्रयोग करत होता; पण वरचा अधिकारी बदलला आणि नव्या साहेबाने त्याला सामान उचलायला लावलं. ११ एप्रिल १८०७ रोजी त्याला पेटंट मिळालं. पेटंटचा मसुदा करताना वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने त्याला सल्ला दिला होता. नेपोलियनने वीस हजार पौंड देऊ केले आणि पाद्र्याने ते नाकारले, अशी एक कथा सांगतात. ती कथा म्हणूनच ऐकावी.

फोर्साइथच्या यंत्रणेत बंदुकीच्या कुशीला अत्तराच्या कुपीसारखी दिसणारी एक छोटी फिरती डबी असे. ती उलटी फिरवली की चिमूटभर स्फोटक कानापाशी पडे. सरळ केली की घोडा त्याच्यावरच्या खिळीवर आदळे. कल्पना सुरेख, पण गालापासून वीतभर अंतरावर स्फोटकाचा साठा बाळगायची. धाडसी माणसाचंच काम.

ठोक्याने पेटणाऱ्या पदार्थांची ओळख तेव्हा ताजीच होती. क्लोद बेर्तोले या फ्रेंच रसायनज्ञाने दारूतल्या सोऱ्याच्या जागी पोटॅशियम क्लोरेट घालून पाहिलं, तेव्हा १७८८ मध्ये एसोन इथल्या दारूच्या कारखान्यात स्फोट होऊन दोघांचा जीव गेला. इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्डने १८०० मध्ये पाऱ्याचं फल्मिनेट कसं वागतं याचं वर्णन रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि त्याच वर्षी कोप्ले पदक मिळवलं. प्रयोगांत तो स्वतःही जखमी झाला होता. बंदुकीच्या नळीत दारूऐवजी थेट फल्मिनेट भरून पाहिलं, तर नळीच फाटली. ते दारूची जागा घेऊ शकत नव्हतं, पण दारू पेटवायला अव्वल होतं.

फल्मिनेटमध्ये असतं तरी काय? कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांची एक ताणलेली जोडणी, धातूच्या अणूला लटकलेली. जरा धक्का बसला की ती विस्कटते आणि नायट्रोजनचे अणू एकमेकांना बिलगून नायट्रोजन वायूचे रेणू बनतात. हा रेणू इतका स्थिर आहे, की तो बनताना भरपूर ऊर्जा बाहेर पडते. १८२० च्या दशकात युस्टुस फॉन लिबिग चांदीच्या फल्मिनेटवर काम करत होता, तर फ्रीडरिश व्होलर चांदीच्या सायनेटवर. दोघांच्या विश्लेषणात अणू तेच आणि तितकेच निघाले; पण एक पदार्थ उडणारा, दुसरा गरीब गाय. आधी एकाला वाटलं, दुसरा चुकला. मग लक्षात आलं की दोघंही बरोबर आहेत, अणूंची मांडणी वेगळी आहे. रसायनशास्त्रातली समघटकतेची संकल्पना या भांडणातून पुढे आली. पाऱ्याच्या फल्मिनेटची स्फटिकरचना नक्की कशी आहे, हे मात्र २००७ मध्ये स्पष्ट झालं. बंदुकीने शंभरेक वर्षं वापरून टाकून दिल्यावर!

ठोक्याने आग का लागते, हा प्रश्नही दिसतो तितका सोपा नाही. घोड्याच्या ठोक्याची सगळी ऊर्जा त्या चिमटीभर पदार्थात सारखी वाटली, तर तो पेटण्याइतका तापतच नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला केंब्रिजमध्ये फ्रँक फिलिप बोडेन आणि अब्राहम योफ यांनी दाखवलं, की उष्णता सारखी वाटली जात नाही. ती काही ठिपक्यांत एकवटते. स्फटिक एकमेकांवर घासतात किंवा त्यांच्यामध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा क्षणार्धात चेपला जातो आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास आकाराचा एक ठिपका काही शे अंशांवर जातो. तिथून आग पसरते.

फोर्साइथचं पेटंट १८२१ मध्ये संपेपर्यंत लंडनचे बंदूककार आडवाटा शोधत राहिले. जोसेफ मॅन्टनने आधी स्फोटकाची गोळी आणि मग १८१८ मध्ये स्फोटकाने भरलेली तांब्याची बारीक नळी वापरून पाहिली; फोर्साइथने त्याला कोर्टात खेचलं. टिकली ती तांब्याची टोपी. ती पहिल्यांदा कोणी केली यावर पाचसहा जण हक्क सांगतात. त्यातला फिलाडेल्फियात स्थायिक झालेला इंग्रज निसर्गचित्रकार जोशुआ शॉ याने १८२२ मध्ये अमेरिकन पेटंट घेतलं. टोपी म्हणजे तांब्याच्या पातळ पत्र्याची इवलीशी वाटी, आत टाळूला स्फोटकाचा थर. कानाच्या जागी बसवलेल्या पोकळ निपलवर ती दाबून बसवायची. घोडा पडला की ज्वाळा निपलच्या पोटातून सरळ दारूवर. वाटी नाही, उघडी रंजक नाही, लोळ नाही. टोपी घट्ट बसल्यामुळे पाणीही सहजासहजी आत शिरत नाही.

१८३४ मध्ये ब्रिटिश सरकारने लंडनजवळच्या वुलिचला चकमक आणि टोपी या दोन्ही तऱ्हांची परीक्षा घेतली. प्रत्येकी सहा बंदुका आणि प्रत्येक तऱ्हेचे सहा हजार बार. चकमकीच्या ९२२ वेळा फुसक्या निघाल्या, टोपीच्या ३६ वेळा. साडेसहा बारांमागे एक विरुद्ध १६६ मागे एक. असा निकाल हाती असूनही १८४१ मध्ये मद्रासच्या शिपायांच्या हातात चकमकच होती. सरकारी खरेदीचा वेग सगळीकडे सारखाच.

टोपीलाही खोडी होतीच. नेमबाजांच्या वापरातली ११ नंबरची टोपी जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते. थंडीने बोटं बधिर झालेली, समोरून गोळ्या येताहेत, अशा वेळी ती पिशवीतून चिमटीत काढून निपलवर बसवून पाहा! लष्करी टोप्यांना कडेला पाकळ्या ठेवल्या गेल्या त्या याचसाठी. मग टोपीच नको, असा विचार करणारेही निघालेच. मिलानच्या जुझेप्पे कोन्सोलेच्या कल्पनेवरून ऑस्ट्रियाने १८४० च्या सुमारास स्फोटकाने भरलेल्या बारीक नळीची पद्धत उचलली आणि ऑगस्टिन नावाच्या सेनाधिकाऱ्याने तिला घडवलं. तिथलं पायदळ दहाएक वर्षं त्यावर चाललं. अमेरिकेत शार्प्स कंपनीच्या बंदुकीत तांब्याच्या चकत्यांची चळत असे. घोडा पडता पडता एक चकती पुढे उडे आणि घोडा तिला निपलवर गाठे. ही बंदूक मागून भरायची, पण ठिणगी अजून उसनीच होती.

मला सगळ्यांत मजेशीर वाटतो तो एडवर्ड मेनार्डचा कागदी रोल. मेनार्ड वॉशिंग्टनचा दंतवैद्य. त्याने कागदाच्या दोन पट्ट्यांमध्ये ठरावीक अंतरावर स्फोटकाचे ठिपके ठेवून पट्ट्या चिकटवल्या, वरून वॉर्निश दिलं आणि १८४५ मध्ये पेटंट घेतलं. घोडा मागे ओढला की आतलं बोट पट्टी वर सारतं आणि नवा ठिपका निपलवर येतो. घोडा पडताना पट्टी कापतो आणि ठिपका उडवतो. दिवाळीत पोरांच्या पत्र्याच्या बंदुकीत घालतात तो लाल टिकल्यांचा रोल आठवा. हुबेहूब तोच. स्फोटक वेगळं, पण पट्टी सरकवायची युक्ती मेनार्डची. आणि रोलची जी तऱ्हा आपण पाहिली आहे तीच तेव्हाही होती: सर्दावलेला रोल फुटत नाही, कधी पट्टी अडकते, कधी दोन ठिपक्यांच्या मधल्या कोऱ्या कागदावरच घोडा पडतो. अमेरिकन लष्कराने १८५५ च्या स्प्रिंगफील्ड रायफलला हा रोल बसवला. तेव्हाचा युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस नव्या तंत्राच्या बाजूचा होता. रायफलच्या निपलवर साधी टोपीही बसवता येत असे, हे नशीब. १८६१ च्या नमुन्यातून रोल काढून टाकला गेला. तोपर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं आणि डेव्हिस पलीकडच्या बाजूचा, फुटलेल्या दक्षिणेचा, राष्ट्राध्यक्ष झाला होता.

दक्षिणेला टोपीने जो हिसका दाखवला, तो कुठल्याही शस्त्रास्त्र खात्याने लक्षात ठेवावा असा आहे. दारू करता येते, शिसं वितळवून गोळ्या पाडता येतात. टोपीला मात्र तांब्याचा पत्रा लागतो, पारा लागतो आणि लाखोंच्या संख्येने अचूक ठोकणारी यंत्रं लागतात. दक्षिणेचा पारा मेक्सिकोतून यायचा. तो आटल्यावर पाऱ्याशिवायचं मिश्रण वापरावं लागलं. तांबं संपत आलं तेव्हा काशाच्या तोफा ओतणं थांबवलं आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या टर्पेंटाइनच्या व सफरचंदाच्या ब्रँडीच्या भट्ट्यांची तांब्याची भांडी गोळा करून त्यांचा पत्रा काढला. त्या पत्र्याच्या टोप्यांवर लढाईचं शेवटचं वर्ष निघालं.

आपल्याकडे १८५७ मध्ये हीच गत झाली. कंपनीच्या शस्त्रागारांतल्या टोपीच्या बंदुका उठाववाल्यांच्या हाती आल्या, टोप्यांची मात्र चणचण पडली. तोडेदार बंदुका त्या काळात जागोजाग दिसतात त्या केवळ जुनाटपणामुळे नव्हेत. तोड्याला कोणाच्या कारखान्याची वाट पाहावी लागत नाही. त्याआधी दहा वर्षं, १८४७ मध्ये, मेक्सिकोवर चालून गेलेल्या जनरल विनफिल्ड स्कॉटच्या पायदळातही बहुतेकांच्या हातात चकमकच होती, टोपीच्या बंदुका तयार असताना. परमुलखात टोप्या संपल्या तर काय, ही धास्ती त्याला जुनाट ठरवून उडवून लावण्यासारखी नव्हती.

या सगळ्यांत एकच माणूस असा भेटतो, ज्याने स्फोटकाशिवाय आणि गारेशिवायही आग काढायचं मनावर घेतलं. सॅम्युएल योहानेस पाउली हा स्विस बंदूककार. त्याने १८१४ मध्ये लंडनला घेतलेल्या पेटंटात दारू पेटवायला वापरली ती निव्वळ हवा. स्प्रिंगच्या जोराने दट्ट्या झटक्यात आत जातो, कोंडलेली हवा चेपते, तापते आणि ती गरम हवा दारूवर सुटते. सायकलचा पंप मारताना नळी तापते, हे सगळ्यांनी हाताला अनुभवलेलं असतं. हवा इतक्या वेगाने दाबली की उष्णतेला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तर आकारमान विसाव्या भागावर येईपर्यंत तापमान हिशेबाने सातशे अंश सेल्सियसच्या वर जातं. प्रत्यक्षात थोडी गळती होतेच, तरी कापूस पेटवायला ते पुरून उरतं. आग्नेय आशियात लोक बांबूच्या किंवा शिंगाच्या नळीत दट्ट्या मारून अशीच आग काढत आले आहेत आणि पुढे डिझेल इंजिनही याच तत्त्वावर चाललं. पाउलीची बंदूक चालली नाही. हवाबंद दट्ट्या दारूच्या काजळीत हवाबंद राहत नाही आणि स्प्रिंग ताणायला जोर लागतो. पण बोडेनने पाहिलेला चेपलेला बुडबुडा आठवला, तर टोपीतही नकळत पाउलीचंच यंत्र चालत असतं, फक्त मिलिमीटरच्या हजाराव्या भागात.

काडतुसं आल्यावर हा सगळा खटाटोप संपायला हवा होता. संपला नाही, याला कारण अमेरिकेतले शिकारीचे नियम. तिथल्या अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळा हंगाम असतो आणि त्यामुळे या जुन्या बंदुकीचा नवा बाजार उभा राहिला. १९७० च्या दशकात पायरोडेक्स नावाची पर्यायी दारू आली. ती पेटायला जुन्या दारूपेक्षा बरंच जास्त तापमान लागतं, त्यामुळे ती गारेला दाद देत नाही आणि ११ नंबरच्या टोपीलाही कधीकधी हुलकावणी देते. शिवाय जुन्या घडणीत निपल नळीच्या बाजूला असतं, ज्वाळेला काटकोनात वळावं लागतं आणि त्या वळणावर तेल किंवा काजळी साचली की बार उशिरा होतो किंवा होतच नाही. मिझुरीच्या टोनी नाइटने १९८५ मध्ये निपल नळीच्या थेट पाठीमागे, एका रेषेत बसवलं. पुढच्या बंदुकांत टोपीच्या जागी छर्ऱ्याच्या काडतुसातला २०९ नंबरचा प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणारी ठोक्याने पेटणारी स्फोटकाची छोटी वाटी, आला. जुन्या बाजूच्या निपलच्या जागी प्रायमर धरणारं छोटं झाकणवालं बूड बसवायचे सुटे भागही मिळू लागले.

जास्त आग म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. २०९ चा झटका इतका जबर असतो, की दारू नीट पेटायच्या आत तो गोळीला किंचित पुढे ढकलू शकतो. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली की दाब दर वेळी वेगळा आणि नेम हुकतो. शिवाय काही पर्यायी दारूंबरोबर नळीत घट्ट खरपुड्याचं कडं धरतं आणि पुढची गोळी ठासताना गज अडतो. यावर उतारा म्हणून ठासणीच्या बंदुकांसाठी मुद्दाम सौम्य २०९ बनवावे लागले.

सीव्हीए कंपनीने तर ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी ठासणीची रायफल बाजारात आणली होती. चाप म्हणजे बटण, घोडाच नाही. दारूत थेट विजेची ठिणगी. ठोका नसल्याने नेम हलत नाही, टोपी लागत नाही. ती फार दिवस टिकली नाही. टोपीला पर्याय शोधता शोधता शिकारी माणूस बॅटरीवर जाऊन अडकला, एवढंच झालं. २०२० मध्ये आलेल्या फायरस्टिकमध्ये दारू प्लॅस्टिकच्या बंद कुपीत मागून घालायची आणि गोळी तेवढी तोंडातून ठासायची. याला ठासणीची बंदूक म्हणायचं का, यावर वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावर घरोघरी टांगलेल्या ठासणीच्या बंदुकांपर्यंत यातलं काहीच पोचलेलं नाही. तिथे अजून १८२२ चीच टोपी चालते. शस्त्र कायद्याखाली बंदुकीइतकाच तिच्या दारूला आणि टोप्यांनाही हिशेब असतो, आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. भातात शिरणाऱ्या रानडुकरांना आचारसंहिता लागू नसते. सर्दावलेल्या टोपीचा कारभार पावसाळ्यात तिथल्या शेतकऱ्याला वुलिचच्या साहेबांपेक्षा चांगला ठाऊक आहे.

पेनसिल्व्हेनियाने याच्या नेमकं उलट केलं. १९७४ पासून तिथे नाताळानंतरचा हरणांचा खास हंगाम फक्त चकमकीच्या बंदुकांसाठी राखलेला आहे. टोपी, प्रायमर, बॅटरी सगळं वर्ज्य. बर्फात भिजलेली रंजक पुसून टाकायची, कोरडी घालायची, गारेची धार बोटाने तपासायची आणि लोळ उठला तरी डोळा न मिटता नेम धरून ठेवायचा. दर हिवाळ्यात हजारो लोक हौसेने हे करतात आणि बरेच जण हरणाविनाच घरी परततात.